दुखतं दातात, गळतं डोळ्यातून

ऐक माय. घरात सशाची जोडी आणलीस, आता त्यांच्या डोळ्यांकडे बघायला शीक. पशुवैद्यकीय दवाखान्यात व्रणोपचारक म्हणून माझी सगळी नोकरी गेली. आपल्या दुसरबीडच्या बाजूला दवाखान्यात यायची ती बैलं, म्हशी, शेळ्या. खांदा सुजलेला बैल, दगडी झालेली म्हैस, पोट फुगलेली शेळी. ससा क्वचित यायचा. आता पोरं हट्ट धरतात आणि बाप जालन्याहून खोक्यात घालून जोडी घेऊन येतो. डॉक्टर साहेबांच्या हाताखाली उभं राहून जे पाहिलं आणि त्यांनी जे समजावलं, ते तुला सांगून ठेवतो. औषध लिहून देणं माझं काम तेव्हाही नव्हतं, आजही नाही. पण ओळखायचं कसं, धरायचं कसं, धुवायचं कसं आणि न्यायचं कधी, हे घरच्या माणसाला आलंच पाहिजे.

सकाळी चारा टाकायच्या आधी डोळे बघायचे. चारा टाकल्यावर तो खाली मान घालतो, मग काही दिसत नाही. ससा हा दुसऱ्याच्या तोंडचा घास म्हणून जन्माला आलेला जीव. आपण आजारी आहोत हे दिसू देणं त्याच्या रक्तात नाही. कुत्रा कण्हतो, मांजर ओरडतं, ससा गप्प बसतो. त्यामुळे त्याचं दुखणं आपणच शोधायचं. त्याच्या पातळीवर खाली बस, उजेड बाजूने येऊ दे आणि दोन्ही डोळ्यांची एकमेकांशी तुलना कर. एक डोळा दुसऱ्यापेक्षा थोडा बारीक उघडलेला दिसला तरी ते दुखण्याचं लक्षण समज. ससा पापणी फार कमी लववतो, तासाला दहा-बारा वेळा. म्हणून जो ससा सारखी उघडझाप करतोय, त्याच्या डोळ्यात काहीतरी नक्की सलतंय.

तुझा एक ससा पांढरा आहे, त्याचा डोळा बहुतेक लालच असणार. ती जातच तशी. त्याच्या बाबतीत बुबुळाच्या रंगावर जाऊ नको. पापणी हलकेच वर करून कडेचा पांढरा भाग बघ. तिथे लालभडक शिरा दिसल्या, पापणीची आतली बाजू सुजलेली दिसली, तर डोळे आलेत. आतल्या कोपऱ्यातून कधी एक गुलाबीसर पडदा पुढे सरकलेला दिसतो. ती सशाची तिसरी पापणी. शांत असताना ती दिसायला नको. दिसली तर डोळा दुखतोय.

डोळ्याखालचे केस ओले आहेत का, गालावर केस गळून वाट पडली आहे का, ते बघ. मग पुढचे पाय उचलून आतल्या बाजूला हात फिरव. ससा नाक-डोळे पुसतो ते पुढच्या पायांनी. तोंड चाटूनपुसून स्वच्छ ठेवेल, पण पायाच्या आतले केस चिकटून गुठळी झालेले असतात. डॉक्टर साहेब सशाच्या तोंडाकडे बघायच्या आधी त्याचे पाय बघायचे. पाण्यासारखं गळत असेल तर बहुतेक धूळ, वास, कुसळ किंवा डोळ्यातून नाकात जाणारी नळी तुंबलेली. पांढरं, घट्ट, दुधाळ येत असेल तर पू. सशाचा पू माणसासारखा पातळ नसतो, घट्ट असतो आणि आपोआप वाहून जात नाही. म्हणून सशाचं गळू फुटून बरं होईल याची वाट बघायची नसते.

आता जे सांगतो ते नीट ऐक, कारण इथेच सगळ्यांची फसगत होते. सशाच्या डोळ्यातलं पाणी नाकात उतरायला एकच भोक असतं, खालच्या पापणीत, आतल्या कोपऱ्याजवळ. आपल्याला वर-खाली दोन असतात, त्याला एक. तिथून निघालेली नळी नाकाकडे जाताना वरच्या दातांच्या मुळांना घासून जाते. ती वाटेत वळते, अरुंद होते आणि ऐन पुढच्या दाताच्या मुळाशी सगळ्यात अडचणीत येते. आणि सशाचे दात आयुष्यभर वाढतात. पुढचे वरचे दात आठवड्याला साधारण २ मिलिमीटर. खाताना जेवढे झिजतात तेवढेच वाढले तर ठीक. झिजले नाहीत तर तोंडात तर वाढतातच, पण मुळाकडूनही मागे सरकतात आणि नळीला दाबतात. शेताच्या चारीत दगड पडला की पाणी बांध फोडून भलतीकडे जातं, तसं मग डोळ्यातलं पाणी गालावरून वाहतं. साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात, पू होतो. लोक डोळ्यात थेंब टाकत राहतात आणि दगड चारीतच असतो.

एका घरच्या सशाचा एकच डोळा सारखा येत होता. थेंब टाकले की चार दिवस बरा, मग पुन्हा तसाच. डॉक्टरांनी डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली बोटाने अगदी हलका दाब दिला, तर त्या बारीक भोकातून पांढरा पू वर आला. मग ओठ वर करून दात बघितले. वरचे दात आत वळलेले, खालचे पुढे आलेले. घरी काय खायला घालता म्हणून विचारलं तर पोळी, बिस्कीट, भिजवलेले हरभरे, मक्याचा भरडा. गवत? गवत खात नाही म्हणे. खाईल कसा, त्याआधीच पोट भरलेलं असायचं.

म्हणून डोळ्याचं औषध सुरू होतं ते चाऱ्यापासून. दिवसभर त्याच्यासमोर वाळलेलं गवत पाहिजे, त्याच्या पोटात जाणाऱ्यातला मोठा वाटा गवताचाच. बांधावरची हरळी, मारवेल कापून सावलीत वाळवून ठेव. गवत चघळताना जबडा आडवा फिरतो आणि दाढा झिजतात. ढेप, भरडा, पोळी यांनी दाढा झिजत नाहीत. लसूणघास हिरवागार दिसतो, तो ढीगभर देऊ नको, वाढलेल्या सशाला मूठभर कधीमधी पुरे. ज्या बांधावर तणनाशक मारलंय तिथलं गवत घरात आणायचंच नाही, शेजाऱ्याला विचारून मग विळा लाव. आठवड्यातून एकदा ओठ बाजूला करून पुढचे दात बघ. वरचे दात खालच्यांच्या किंचित पुढे बसले पाहिजेत. वाढलेले दिसले तर नखं कापायच्या कटरने छाटायचे नाहीत. दाताला उभी चीर जाते, ती मुळापर्यंत पोचते आणि तिथे गळू धरतं. डॉक्टर ते यंत्राने घासून कमी करतात.

नळी तुंबली असेल तर डॉक्टर पापणीतल्या त्या भोकात बारीक बोथट नळी घालून सलाईनने ती धुतात. कधी एकदाच, कधी पुन्हा पुन्हा धुवावी लागते. डोळ्याला सुन्न करणारे थेंब टाकून हे होतं, ससा घाबरट असला तर थोडी गुंगी देतात. दाताच्या मुळांचा संशय आला की डोक्याचा एक्स-रे काढावा लागतो. त्याला अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आहे, परभणीचं पशुवैद्यक महाविद्यालय आहे, आणि समृद्धी महामार्ग झाल्यापासून नागपूरचं महाविद्यालयही आपल्याला दूर राहिलेलं नाही. गायी-म्हशींच्या दवाखान्यात कोणी सशाला हात लावायला कचरलं तर राग धरू नको. सशाचं काम सगळ्यांच्याच हाताखालून गेलेलं नसतं. कुठे नेऊ, एवढं विचार, चांगला माणूस वाट सांगतो.

आपल्या गावातलं दुसरं कारण म्हणजे धूळ. सोयाबीन निघालं की दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत मळणीचा हडंबा चालतो आणि कुटाराचा भुसकट धूर घराघरात शिरतो. पुढे तूर, मग हरभरा. बरीच माणसं सशाखाली अंथरायला तेच कुटार घालतात, कारण ते फुकट आहे आणि शेळीला चालतं. सशाला नाही चालत. ते टोचतं आणि त्याची पूड डोळ्यात जाते. त्याऐवजी जुनं सुती कापड किंवा मऊ गवत अंथर. मळणीच्या दिवसांत पिंजरा घराच्या आतल्या खोलीत घे, तोंडावर ओलसर पातळ कापड टाक, पण वारा बंद करू नको. गवत टाकायच्या आधी अंगणात झटक. कुसळी गवत तर हाताने निवडून काढ. डोंगराकडचं वाळलेलं गवत आणलं की त्यात ती कुसळं असतातच. एखादं तिसऱ्या पापणीमागे जाऊन बसतं आणि वरून काहीच दिसत नाही. ससा एक डोळा घट्ट मिटून बसलाय, पाणी गळतंय आणि हे सगळं एका दिवसात झालंय, तर कुसळ समज. वर तरंगताना दिसलं तर सलाईनने वाहून काढ. रुतलं असेल तर चिमट्याने ओढू नको, डॉक्टरकडे जा. बुबुळ फाटलं तर डोळा गेला.

पिंजरा स्वच्छ आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवायचं नसतं. खाली बसून आपलं नाक सशाच्या नाकाच्या उंचीवर ने. तिथे मुताचा झोंबणारा वास आला, तर तो जीव दिवसरात्र त्यातच आहे. तो वास डोळ्याचं आणि नाकाचं आतलं अस्तर सोलतो, मग जंतूंना दार उघडं. एका कोपऱ्यातच मुतायची सवय सशाला लागते, तो कोपरा रोज साफ कर. पिंजऱ्यात चुना भुरभुरू नको, फिनाईल ओतू नको. साध्या पाण्याने धू आणि उन्हात वाळव. ऊन फुकट आहे आणि आपल्याकडे त्याची कमी नाही.

उन्हाळ्याचं वेगळं सांगतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो आणि सशाला ३० च्या पुढेच त्रास सुरू होतो. त्याला घाम येत नाही, कानांवाटे उष्णता जाते. गोणपाट ओलं करून पिंजऱ्यावर टाक, पाणी दोन ठिकाणी ठेव. पण कूलरचा झोत थेट तोंडावर सोडू नको. पापणी कमी लवते म्हणून डोळा लवकर कोरडा पडतो, आणि जुन्या ताटीची धूळ असते ती वेगळीच.

डोळा धुवायला मेडिकलमधून साध्या सलाईनची बाटली आण, ०.९ टक्क्याची. गरज लागेल तेवढी स्वच्छ वाटीत काढ आणि वाटी कोमट पाण्यात ठेवून कोमट कर. उघडलेली बाटली दुसऱ्या दिवशी डोळ्याला वापरायची नाही. सशाला कानाला धरून उचलायचं नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांग. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि आपल्या अंगाशी घट्ट. त्याची मागची तंगडी जोरकस आणि पाठीचं हाड नाजूक. हवेत लाथ मारली तर स्वतःच्याच जोराने त्याची पाठ मोडते. टॉवेलात गुंडाळ, फक्त डोकं बाहेर ठेव आणि ओट्यावर नाही, जमिनीवर बसून मांडीत घे. उताणा करू नको. उताणा ससा शांत झालेला वाटतो, पण तो भीतीने थिजलेला असतो.

कापसाचा बोळा सलाईनमध्ये भिजवून चिकटलेल्या पापणीवर थोडा वेळ धरून ठेव. सुकलेली चिपडं नखाने ओढू नको, मऊ होऊन स्वतः सुटतील. आतल्या कोपऱ्यातून बाहेर पूस. प्रत्येक वेळी नवा बोळा, दुसऱ्या डोळ्याला तर नवाच. आधी चांगला डोळा बघायचा, मग दुखरा. नंतर गाल कोरडा कर, कारण ओल्या गालाची कातडी सोलवटते आणि पावसाळ्यात त्यावर माशी बसून अळ्या पडतात. डॉक्टरांनी थेंब दिले असतील तर मागच्या बाजूने हात आणून खालची पापणी किंचित ओढ आणि एक थेंब सोड. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ दे, थेंब आधी आणि मलम नंतर. बाटलीचं टोक डोळ्याला लागू देऊ नको. डोळा छान दिसायला लागला म्हणून मध्येच बंद करू नको, जेवढे दिवस लिहिलेत तेवढे दिवस टाक. सगळं झालं की साबणाने हात धू, जेवायला बसण्याआधी तर नक्कीच.

आता काय घालायचं नाही ते. दूध नाही, मध नाही, गुलाबपाणी नाही, हळद-तुरटीचं पाणी नाही. आपल्या घरात डोळे आले की बोरिक पावडरच्या पाण्याने धुवायची जुनी रीत होती. सशाला ते नको. तो लगेच पायाने तोंड पुसतो, पाय चाटतो आणि बोरिक पोटात जातं. ते विष आहे.

त्याहून मोठा धोका म्हणजे घरात उरलेले माणसाचे थेंब. पुष्कळ बाटल्यांत जंतू मारणाऱ्या औषधाबरोबर स्टेरॉइड मिसळलेलं असतं. लेबल वाच. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुरोमेथोलोन, यांतलं एकही नाव दिसलं तर बाटली खाली ठेव. अशा थेंबांनी लाली झटकन जाते, माणूस खूश होतो, पण बुबुळावर जखम असेल तर ती खोल जाते आणि डोळा फुटू शकतो. जखम नुसत्या नजरेला दिसत नाही. डॉक्टर डोळ्याला एक केशरी पट्टी लावतात आणि निळ्या उजेडात बघतात, जिथे जखम असेल तिथे हिरवं चमकतं. ही तपासणी झाल्याशिवाय स्टेरॉइड कोणी दिलं तर आदराने विचार, साहेब, जखम बघितली का? विचारण्यात अपमान नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, टोब्रामायसिन ही नावं चिठ्ठीवर दिसली तर दचकू नको, सशाच्या डोळ्याला ती चालतात. पण चिठ्ठी डॉक्टरांचीच पाहिजे.

पोटात द्यायच्या औषधाचं तर अजून जपून. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, पेनिसिलिन, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन ही सशाला तोंडावाटे कधीच द्यायची नाहीत. त्याच्या आतड्यात चारा पचवणारे जे चांगले जीव असतात ते या औषधांनी मरतात, वाईट वाढतात, हगवण लागते आणि ससा जातो. पोराच्या खोकल्याचं उरलेलं गोड औषध दोन थेंब पाजून ससा दगावलेला मी पाहिलाय. डोळ्याभोवती खवले, खपल्या आणि खाज असेल तर ती बहुतेक खरूज. तिला डॉक्टर इंजेक्शन देतात. कुत्र्याच्या गोचिडांचं फिप्रोनिल सशाच्या अंगावर टाकायचं नाही, ते त्याच्या जिवावर उठतं.

डोळ्याबरोबर शिंका आणि नाक वाहत असेल तर तो ससा लगेच दुसऱ्या खोलीत हलव, ताटली-बाटली वेगळी कर. ते पाश्चुरेला नावाच्या जंतूचं असू शकतं. ते एकाचं दुसऱ्याला लागतं आणि पुरतं जातंच असं नाही, थंडी-धुळीत पुन्हा डोकं काढतं. म्हणूनच नवा ससा आणला की तीन-चार आठवडे जुन्यापासून लांब ठेवायचा, कितीही गोंडस दिसला तरी. डोळ्याच्या आत, बाहुलीजवळ पांढरा ठिपका किंवा गोळा दिसला, किंवा मान एका बाजूला कलली, तर तो नुसता बाहेरचा संसर्ग नसेलही, एक सूक्ष्म परजीवी आत बसलेला असू शकतो. त्याला शेळ्यांना देतात ते फेनबेंडाझोल बरेच दिवस द्यावं लागतं. औषध घरात आहे म्हणून मापाने ओतून देऊ नको, शेळीचं माप सशाचं नाही.

मादी विणार असेल तर हेही लक्षात ठेव. पिल्लं बिनकेसांची आणि मिटल्या डोळ्यांची जन्मतात. दहाव्या ते बाराव्या दिवशी डोळे उघडतात. त्याआधी उघडायला जाऊ नको. चौदावा दिवस आला तरी मिटलेले आणि पापणीमागे फुगलेलं दिसलं, तर आत पू साचलाय. कोमट सलाईनचा बोळा लावून हलकेच कड सोडव आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखव. उशीर झाला तर डोळा आत सडतो. शेतात सोंगणी करताना रानसशाची पिल्लं सापडतात, ती केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात. ती घरी आणायची नाहीत. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, आणि ती जगतही नाहीत. आई संध्याकाळी येऊन पाजते, तिथेच राहू दे.

रात्र कधी काढायची नाही ते सांगतो. डोळा निळसर-पांढरा धूसर झाला, डोळ्यात फूल पडल्यासारखं दिसलं, डोळा खोबणीतून पुढे आला, किंवा घट्ट मिटून ससा कोपऱ्यात दबकून दात करकर वाजवतोय, तर सकाळची वाट बघू नको. पुढे आलेल्या डोळ्यामागे बहुतेक दाढेच्या मुळाचं गळू असतं. आणि डोळा कसाही असो, लेंड्या मोज. रोजच्यापेक्षा कमी, बारीक किंवा वेड्यावाकड्या झाल्या, किंवा दहा-बारा तास त्याने गवताला तोंड लावलं नाही, तर आता प्रश्न डोळ्याचा उरला नाही. सशाचं आतडं थांबलं की ते पुन्हा चालू करणं अवघड. दुखऱ्या डोळ्याचे ससे बरेचदा डोळ्याने जात नाहीत, उपाशी राहून जातात. म्हणून दुखणं कमी करणारं औषध डॉक्टरांकडून मागून घे, तेही तितकंच गरजेचं. जवळ कोणी नसेल तर १९६२ वर फोन लाव आणि कुठे नेता येईल ते विचार.

नेताना कापडी पिशवीत कोंबू नको. हवा जाणारी टोपली घे, खाली टॉवेल, वर पातळ कापड. ऊन असेल तर पहाटे निघ, उन्हात उभ्या गाडीत त्याला ठेवू नको. त्याचं नेहमीचं गवत बरोबर घे. भूल द्यायची म्हणून कोणी आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायला सांगितलं तर डॉक्टरांना पुन्हा विचारून खात्री कर. कुत्र्या-मांजराला ते लागू, कारण ते ओकतात. ससा ओकत नाही, त्याच्यासमोर गवत शेवटपर्यंत राहू दे. आणि जोडीतला दुसराही त्याच टोपलीत ने, दोघांपैकी कोणीच शिंकत नसेल तर. जोडीदार शेजारी असला की दुखरा ससा परक्या जागी लवकर गवताला तोंड लावतो.